दार उघडं ठेवून

1893 साली पुण्यात एका खोलीच्या दारावरून मोठं वादळ उठलं. खोली पंडिता रमाबाईंची होती. त्यांच्या शारदा सदनात विधवा मुली शिकत होत्या. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं बाईंनी कबूल केलं होतं आणि त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात आली होती. बाई रोज आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि ऑगस्टमध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतलं. बाईंची भूमिका साधी होती. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण आपण होऊन आलेल्या मुलीला त्या घालवूनही देणार नव्हत्या. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या देवाशी बोलायला दार बंद करायचं त्यांना कारण दिसत नव्हतं.

आता हे बोलणं म्हणायचं की वागणं? बाईंनी प्रवचन दिलं नव्हतं, पत्रकं वाटली नव्हती, कुणाशी वादही घातला नव्हता. त्या प्रार्थना करत होत्या आणि ती कुणी पाहिली तर त्यांची हरकत नव्हती. तटस्थतेचा करार त्यांनी मोडला असं सल्लागारांना वाटलं, तर बाईंच्या मते तो अक्षरशः पाळला गेला होता. ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेची साक्ष तोंडाने द्यावी की जगण्याने, हा चर्चच्या इतिहासाइतका जुना प्रश्न या एका दारापाशी येऊन थांबतो. मराठी मुलखात त्याची जितकी रूपं पाहायला मिळतात तितकी क्वचितच कुठे मिळत असतील. म्हणून हा आढावा मुख्यतः इथल्याच माणसांच्या आधाराने घेतो आहे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘साक्ष’ हा आपल्याकडे कोर्टातला शब्द आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो साक्षीदार, आणि त्याने पाहिलेलं बोलून दाखवल्याशिवाय साक्ष होत नाही. गप्प बसलेला साक्षीदार न्यायाधीशाच्या काही उपयोगाचा नाही. पण साक्षीदार स्वतः लबाड म्हणून ओळखला जात असेल तर त्याच्या बोलण्यालाही किंमत राहत नाही, आणि उलटतपासणीत वकील नेमका तिथेच हात घालतो. मंडळीत वाढलेल्या प्रत्येकाला साक्षीच्या सभा आठवत असतील. एकेक जण उभा राहतो आणि प्रभूने आपल्याला कसं वाचवलं ते सांगतो. ऐकणारे त्या माणसाला आठवडाभर पाहत असतात. त्याचं दुकान, त्याची सून, त्याची उधारी, सगळं त्यांना ठाऊक असतं. सभेत कोण काय बोललं यापेक्षा ते कोण बोललं यावरून लोक मान डोलावतात किंवा पायाकडे पाहत राहतात. नव्या करारातला साक्षीसाठीचा ग्रीक शब्द पुढे हुतात्म्यासाठी वापरला गेला, म्हणजे बोलण्यापासून निघालेला शब्द प्राण देण्यापर्यंत पोचला. जुन्या कराराच्या हिब्रूत तर ‘दाबार’ हा एकच शब्द ‘वचन’ आणि ‘घडलेली गोष्ट’ या दोन्ही अर्थांनी येतो. बोलणं आणि करणं यांच्यात आपण जी भिंत घालतो ती त्या भाषेला फारशी मान्य नसावी.

बायबल उघडलं तर दोन्ही बाजूंच्या वकिलांना पुरेसा मजकूर सापडतो. डोंगरावरच्या प्रवचनात येशू शिष्यांची सत्कृत्यं लोकांना दिसावीत असं सांगतो. याकोबाच्या पत्रात कृतीवाचूनचा विश्वास मेलेला ठरतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर विश्वास न धरणारे पती पत्नीच्या एका शब्दावाचून, केवळ तिच्या वर्तनाने जिंकले जातील अशी आशा आहे. उलट रोमकरांस लिहिताना पौल विचारतो की कुणी सांगितलंच नाही तर लोक ऐकणार कसे. सर्वांत अडचणीचा मजकूर फिलिप्पैकरांच्या पत्रात आहे. काही जण मत्सरापोटी ख्रिस्ताची घोषणा करत आहेत हे माहीत असूनही पौल आनंद मानतो, कारण घोषणा तर होते आहे! आणि परूशांविषयी येशूचा सल्ला असा की ते सांगतात ते करा, ते वागतात तसं वागू नका. म्हणजे सांगणारा खोटा असला तरी सांगितलेलं खरं असू शकतं. ‘आधी वागून दाखवा, मग बोला’ असं म्हणणाऱ्यांनी (त्यांत मीही अनेकदा असतो) या दोन ठिकाणी जरा थांबायला हवं.

सुवार्ता नेहमी सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा, अशा अर्थाचं एक वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर सगळीकडे फिरतं. कॅलेंडरांवर छापलं जातं, प्रवचनांत येतं. ते फ्रान्सिसच्या लेखनात नाही, त्याच्या सुरुवातीच्या चरित्रांतही नाही. त्याने प्रत्यक्ष काय सांगितलं ते 1221 च्या त्याच्या नियमावलीत आहे आणि ते जास्त विचार करायला लावणारं आहे. मुसलमानांत जाणाऱ्या बांधवांसाठी त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, वाद घालू नये, सर्वांच्या अधीन राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं कबूल करावं. दुसरी, देवाला पसंत आहे असं दिसेल तेव्हा वचन जाहीर करावं. पहिल्या वाटेतसुद्धा ‘मी ख्रिस्ती आहे’ हे एक वाक्य बोलायचंच आहे. फ्रान्सिस स्वतः 1219 मध्ये धर्मयुद्ध चालू असताना इजिप्तच्या सुलतानासमोर निःशस्त्र जाऊन बोलला होता. आपण तो प्रसंग सोडला आणि त्याने न म्हटलेलं वाक्य जपलं. बोलण्याचा संकोच वाटणाऱ्यांना ते सोयीचं आहे, त्याच्या लोकप्रियतेचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

चर्चच्या पहिल्या तीन शतकांत मात्र चौकात उभं राहून प्रवचन करण्याची सोय फारशी नव्हती. उपासना बाहेरच्यांना बंद असे. तरी मंडळ्या वाढल्या. तिसऱ्या शतकाच्या मध्याला साम्राज्यात साथ पसरली, तेव्हा ख्रिस्ती लोक आजाऱ्यांजवळ राहिले आणि त्यांतले पुष्कळ मेले, असं अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसिअस लिहितो. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेल्या सम्राट ज्युलियनने 362 च्या सुमारास आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहून तक्रार केली की हे गालिली लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, ही लाजेची गोष्ट आहे. विरोधकाने दिलेली कबुली म्हणून हे पत्र मोलाचं आहे. पण ज्युलियनला ‘गालिली’ कोण आणि ते कुणाच्या नावाने पोसतात हे माहीत होतं, कारण ते कुणीतरी कधीतरी बोलून सांगितलं होतं.

आपल्याकडे मराठीत ख्रिस्ती शब्दाची थोर सुरुवात झाली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने. गोव्यातल्या राचोलला ते 1616 मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांत एका इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठमोळ्या पुराणाच्या घाटात सांगितली. आणि त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन बसलं होतं, ते 1812 पर्यंत टिकलं. नवख्रिस्ती माणसाने घरात तुळस ठेवली का, जेवायला कसा बसतो, यावर पाळत होती. एकाच सत्तेच्या छायेत एक हात ओवी लिहीत होता आणि दुसरा चौकशीच्या कागदावर सही करत होता. ‘ख्रिस्तपुराण’ आजही वाचावंसं वाटतं. पण साक्षीचा हिशेब मांडताना त्या ओव्यांशेजारी इन्क्विझिशनचं दप्तर ठेवावंच लागतं, आणि गोव्याच्या चर्चमधल्या बामण, चारडी, सुदीर या जातीही. कित्येक गावांत चर्चच्या उत्सवाचा मान कुठल्या जातीच्या ‘कॉन्फ्रारिया’ला, म्हणजे बंधुमंडळाला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत.

एकोणिसावं शतक हे वादाचं शतक होतं. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले आणि लगेच जाहीर वाद सुरू झाले. मोरभट दांडेकरांनी 1831 मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून त्यांना उत्तर दिलं. 1857 च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे भिडत राहिले आणि लोक गर्दी करून ऐकत होते. या वादांतून मराठी गद्याला धार आली, छापखान्यांना काम मिळालं, दोन्हीकडच्यांना आपल्या ग्रंथांचा अभ्यास करावा लागला. माणसं मात्र फारशी हलली नाहीत. हरलेला माणूस घरी जाऊन नवा मुद्दा शोधतो, तो गुडघे टेकत नाही.

किनाऱ्यावरच्या त्या मिशनऱ्यांत जॉर्ज बोवेन होता. हा अमेरिकन माणूस 1848 मध्ये मुंबईला आला आणि थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार नाकारला. पगारी उपदेशकाचं बोलणं लोकांना धंद्याचं बोलणं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एतद्देशीयांच्या वस्तीत लहानशा जागेत अगदी थोडक्या पैशांत तो राहिला आणि 1888 मध्ये मरेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं रस्त्यांवर बोलत राहिला. लोक त्याला साधू मानत. बोलणं आणि वागणं यांची इतकी घट्ट गाठ मुंबईने क्वचित पाहिली असेल. तरी त्याच्या हातून ख्रिस्ती झालेल्यांची संख्या नगण्य होती. ‘तुम्ही नीट वागा, लोक आपोआप येतील’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बोवेनचं चरित्र वाचावं. चांगलं वागणं हे युक्तीसारखं वापरता येत नाही. ते सिद्ध करायला बोवेनचं आयुष्य पुरेसं आहे.

त्याच सुमारास नगरला हाच वाद मिशनच्या बैठकीत चालला होता. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854 च्या अखेरीस आले आणि त्यांनी निक्षून सांगितलं की मिशनरीचं काम देशी भाषेत सुवार्ता सांगण्याचं आहे, इंग्रजी शाळा चालवण्याचं नाही. शाळा बंद झाल्या. विल्सन आणि स्कॉटिश मंडळींचा मार्ग नेमका उलटा होता, त्यांची भिस्त शाळांवरच होती. इतिहासाने मात्र दोघांनाही चकवलं. अमेरिकन मिशनच्याच मिस सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले पाहून आले आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ती प्रेरणा आपल्याला नगरला मिळाली हे त्यांनी स्वतःच पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात सांगितलं. फरारबाई 1827 मध्ये एकट्या, अविवाहित अशा या देशात आल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी त्या बाईचं काम पाहिलं आणि तसं काम स्वतः केलं, तिच्या प्रभूचं नाव घेतलं नाही. ही साक्ष फुकट गेली का? मिशनच्या वार्षिक अहवालाच्या हिशेबात कदाचित गेली असेल. मला तसं म्हणवत नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात जोतीरावांनी असं घर कल्पिलं की ज्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे गुण्यागोविंदाने राहतात. पण एक गोष्ट यातून मान्य करावी लागते. कृती आपला अर्थ स्वतः सांगत नाही, पाहणारा तो लावतो आणि त्याला पाहिजे तिकडे नेतो.

मग जे आले ते कसे आले? इथे आपल्याकडे फार समृद्ध साहित्य आहे, कारण मराठी ख्रिस्ती माणसाने आत्मचरित्र लिहिण्यात कंजुषी केली नाही. नीलकंठशास्त्री गोरे काशीत जॉन म्युर यांच्या संस्कृत ग्रंथाचं खंडन करायला बसले आणि खंडन करता करताच 1848 मध्ये ख्रिस्ती झाले. तो निव्वळ शब्दाचा विजय होता. बाबा पदमनजी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी वर्षानुवर्षं वाचत आणि स्वतःशी भांडत होते. नारायण वामन टिळकांची गोष्ट याहून वेगळी आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. त्या काळात गोऱ्याने देशी माणसाशी डब्यात बरोबरीने वागणं ही साधी गोष्ट नव्हती. हा माणूस आदबीने बोलला, काव्यावर बोलला, ख्रिस्तावर बोलला आणि उतरताना नव्या कराराची प्रत देऊन गेला. फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.  त्या प्रवाशाची वागणूक आणि त्याचा शब्द यांतलं काय टिळकांना भिडलं, हे वेगळं काढणं मला तरी जमत नाही. त्याने उद्धटपणे तेच पुस्तक दिलं असतं तर टिळकांनी ते खिडकीबाहेर टाकलं असतं. आदबीने नुसती हवापाण्याची चर्चा केली असती तर एक सज्जन साहेब भेटला एवढीच आठवण राहिली असती.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे त्यांचे सगळे शब्द होते आणि ते कवीचे शब्द होते, तरी त्या हलल्या नाहीत. जवळजवळ पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर नगरला आल्या तेव्हाही त्या आपलं सोवळंओवळं सांभाळूनच राहिल्या आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की त्यांच्यात आधी पालटली ती पंगत. जाती देवाने केलेल्या नाहीत हे त्यांचं त्यांना पटलं, त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. इथे कृतीने श्रद्धेला वाट करून दिली. आणि टिळकांची सर्वांत परिणामकारक साक्ष बहुधा ही होती की बायकोपाशी ते थांबले.

थांबण्याचं हे शहाणपण टिळकांनी पुढे स्वतःच्या धंद्यालाही लावलं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात येऊ शकत होते. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामाच्या पुलावरून आलो असं म्हणणाऱ्या या कवीला वारकऱ्यांकडून एक गोष्ट पक्की कळली होती. आपल्या मुलखात उपदेश करणाऱ्याच्या शब्दाआधी त्याची राहणी पाहतात, आणि विकत घेतलेला उपदेश कुणी मनाला लावून घेत नाही.

रमाबाईंचं स्वतःचं येणं तर या विषयाचा नमुनाच आहे. 1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलमला नेलं. तिथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी घर चालवलं जात होतं. त्या स्त्रियांना इतक्या मायेने वागवलं जाताना पाहून बाई थक्क झाल्या. अशा स्त्रियांवर कुणी दया करावी हे त्यांनी पूर्वी पाहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. आधी कृती, मग पाहणाऱ्याचा प्रश्न, मग उत्तर म्हणून शब्द. दक्षिण भारतात दीर्घकाळ बिशप राहिलेले लेस्ली न्यूबिगिन पुढे हाच क्रम प्रेषितांच्या कृत्यांतून दाखवत असत. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र बोलतो तो लोकांनी ‘हे काय चाललं आहे’ असं विचारल्यावर. प्रश्न पडण्यासारखं काही घडलं नसताना दिलेलं प्रवचन हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ठरतं. रमाबाईंनी 1907 मध्ये ही सगळी कहाणी लिहिली तेव्हा तिला ‘साक्ष’ हेच नाव दिलं.

विसाव्या शतकात प्रश्नाने एक अवघड वळण घेतलं. आतापर्यंत संशय शब्दावर होता, आता तो सेवेवर आला. दुष्काळात मिशनांनी धान्य दिलं, अनाथ मुलं सांभाळली आणि मंडळ्या वाढल्या. भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असं तेव्हापासून बोललं जातं. गांधीजींचा आग्रह होता की सेवा करा, पण त्यामागे धर्मांतराचा हेतू ठेवू नका. गुलाबाला आपल्या सुगंधाची जाहिरात करावी लागत नाही, हा त्यांचा आवडता दाखला होता. नागपूर जेव्हा मध्य प्रदेशात होतं तेव्हा न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने 1956 मध्ये दिलेल्या अहवालात मिशनच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम हेच धर्मांतराचं साधन म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. घटनेच्या 25 व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला, तो असा की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. म्हणजे आपल्या कायद्यात बोलणं संरक्षित आहे आणि मदत ‘प्रलोभन’ ठरू शकते! कृती शब्दापेक्षा निर्मळ असते असं मानणाऱ्यांना हा मोठा धक्का आहे.

गांधीजींचा गुलाब मला मनापासून आवडतो, पण तो मला पुरत नाही. गुलाबाला त्याचा हेतू कुणी विचारत नाही. माणसाला विचारतात आणि विचारलंच पाहिजे. जामखेडला दवाखाना काढणाऱ्या डॉक्टरला गावकरी विचारतोच, ‘डॉक्टर, तुम्ही शहर सोडून इथे का आलात?’ त्यावर गप्प बसणं म्हणजे काहीतरी लपवणं. आणि उत्तर दिल्यावर उपचारात फरक करणं म्हणजे सौदा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले. आपण ख्रिस्ती आहोत आणि त्या श्रद्धेनेच इथे आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी मंडळ्या उभ्या करायचं काम हाती घेतलं नाही. खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित बायकांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. बाळंतपणं, लसी, अतिसाराचे उपचार त्या बायकांच्या हाती दिले. हातपंपाची बोअर दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांनाच तिथे यावं लागलं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला सुरू केलेलं रुग्णालय हे याआधीचं मोठं उदाहरण. पण जामखेडला जातीच्या पाण्यावरच हात घातला गेला, म्हणून मला ते जास्त बोलकं वाटतं.

जात हाच आपल्या साक्षीचा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि हे बाहेरच्या कुणी सांगण्याआधी आपण सांगितलं पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा विचार करताना ख्रिस्ती धर्माकडे बारकाईने पाहिलं होतं. मिशनच्या शिक्षणाचा आणि औषधपाण्याचा लाभ बहुतांशी वरच्या जातींनाच झाला आणि अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो खोडून काढणारा युक्तिवाद मिशनरी लेखनात मला सापडला नाही. सापडला असता तरी उपयोग नव्हता, कारण लग्न जुळवताना आजही आमच्यात पूर्वीची जात विचारली जाते. ‘ख्रिस्तात सगळे एक’ हे वाक्य आपण हजार वेदींवरून म्हटलं. बाबासाहेबांनी वाक्य ऐकलं आणि मेलेल्यांनाही जातीने वेगळं ठेवणारी कबरस्तानाची भिंत पाहिली.

चर्चच्या अधिकृत विचाराने 1974-75 मध्ये या प्रश्नाला बरीच स्पष्ट उत्तरं दिली. लॉझान येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी सुवार्ताप्रसार आणि सामाजिक न्याय ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्यं असल्याचं मान्य केलं आणि पूर्वीच्या दुर्लक्षाबद्दल पश्चात्तापही नोंदवला. पुढल्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी लिहिलं की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं ऐकतो. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच पत्रात, त्याच्या आधीच, त्यांनी असंही म्हटलं आहे की सर्वांत सुंदर साक्षही कालांतराने निष्फळ ठरेल, जर तिचा अर्थ कुणी उलगडून सांगितला नाही. हे दुसरं वाक्य कुणी उद्धृत करत नाही.

काही कृत्यं तर अशी आहेत की ती बोलल्याशिवाय होतच नाहीत. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारिपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. क्षमा मनात ठेवली असती तर ती कुणाला कळलीच नसती, आणि क्षमा उच्चारून त्या निघून गेल्या असत्या तर लोक म्हणाले असते, बोलायला काय जातं. कायद्याने गुन्हेगाराला शिक्षा केली, ते कायद्याचं काम होतं. त्या बाईने आपलं काम केलं.

आपल्या काळातलं आणखी एक नाव घेतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या जमिनी आणि पाणी गिळू पाहणाऱ्या टोळ्यांविरुद्ध ते हरित वसईच्या चळवळीत लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. त्याच माणसाने ‘सुवार्ता’ मासिक चालवलं आणि सबंध बायबल सुबोध मराठीत आणलं. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ‘फादर कशाला’ म्हणून विरोधही झाला. वसईच्या शेतकऱ्याला तो प्रश्न पडला नव्हता. त्याने फादरांना मोर्चात पाहिलं होतं.

या सगळ्या माणसांकडे पाहून माझं मत असं झालं आहे की बोलणं आणि वागणं यांत निवड करायचा प्रश्नच चुकीचा विचारला गेला. खरी कसोटी मोकळेपणाची आहे. सेवा करताना तिला अट नसावी, आणि श्रद्धा सांगताना ती लपवलेली नसावी. अट घातलेली भाकरी आणि लपवलेला हेतू या दोन्हींनी आपल्या साक्षीचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याही कायद्याने केलेलं नाही. मंडळीच्या पाळकांना आणि संस्था चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: दवाखान्यात, वसतिगृहात, शाळेत कुणाला प्रार्थनेला बसवू नका आणि स्वतःची प्रार्थना कडी लावून करू नका. आणि पुढच्या वेळी घरात सोयरीक निघेल तेव्हा जात विचारायच्या आधी वर आलेली ही माणसं आठवा.

शारदा सदनाच्या वादानंतर रमाबाई केडगावला गेल्या. दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली आणि बायका वाचवल्या आणि मुक्ती मिशन उभं केलं. एवढं करून दाखवलेल्या बाईला आता बोलायची गरज नव्हती असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी मात्र उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि आयुष्याची शेवटची वर्षं एका कामाला दिली. खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल आणायचं. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवले. 5 एप्रिल 1922 रोजी बाई वारल्या. ते बायबल 1924 मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं.